देण्याघेण्याची साडी : ग्राहकाचा अभ्यास मानवशास्त्राच्या पद्धतीने कसा करावा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या एखाद्या कापड दुकानात लग्नसराईत तासभर बसले, की दुकानदाराचा पहिला प्रश्न ऐकू येतो : "नेसायची दाखवू, की देण्याघेण्याची?" रंग, पोत आणि भाव यांची चर्चा त्यानंतर होते. ग्राहकाचे वर्तन कसे घडत गेले हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने प्रश्नावली छापण्यापूर्वी या प्रश्नापाशी थांबावे, कारण साडी कोणत्या नात्यासाठी घेतली जात आहे यावर तिची निवड ठरत असते.

फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यांनी १९२५ च्या सुमारास निरनिराळ्या समाजांतील भेटवस्तूंचा तौलनिक अभ्यास मांडला आणि देणे, स्वीकारणे व परत करणे ही तीन बंधने दाखवून दिली. आपल्याकडे ही बंधने आहेराच्या वहीत लिहिलेली असतात. घरच्यांची परवानगी घेऊन ती वही पाहावी. नाव, गाव, रक्कम, लुगडे, टोपी-टॉवेल अशा नोंदी वाचताना, समोरच्या घरचे कार्य निघाले की हेच पान पुन्हा उघडले जाते का आणि आहेराचा आकडा त्यावरून ठरतो का, हे आवर्जून विचारावे.

वही नसेल तर मांडणीवरची भांडी पाहावीत. पितळी तांब्यावर आणि स्टीलच्या डब्यावर देणाऱ्याचे नाव व तारीख कोरलेली असते. ती भांडी तारखेप्रमाणे मांडून घरातील आजीला प्रत्येकाची हकिकत विचारली, तर पितळेकडून स्टीलकडे आणि वस्तूकडून रोख पाकिटाकडे ते घर कसे सरकले, हे तिच्याच शब्दांत समजते. अहिराणी बोलणाऱ्या घरात हे संभाषण अहिराणीतच करावे. प्रमाण मराठीत विचारले तर उत्तरही बेतून दिले जाते, असे मला वाटते.

खरेदीचा निर्णय एकट्याचा किंवा एका घराचा असतो, हे गृहीत धरू नये. श्रावणात कानबाई या खानदेशातील देवीच्या रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, सगळे भाऊबंद एकत्र येतात. तेव्हा सामानाची यादी कोण सांगते, वर्गणी कशी बसते आणि दुकानात कोण जाते, या तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवाव्यात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, त्या आठवड्याची खरेदीही इतर महिन्यांपेक्षा निराळी मांडावी.

मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर लोकांमध्ये राहिले व त्यांची भाषा शिकले. लोक काय सांगतात आणि प्रत्यक्षात काय करतात, हे निरनिराळे टिपण्याची शिस्त त्यांच्या कामातून रुजली. म्हणून टिपणवहीत पानाच्या मधोमध रेघ ओढावी. "आम्ही भाव पाहूनच घेतो" हे वाक्य डावीकडे लिहावे, आणि नणंदेसाठीची साडी निवडताना भाव न विचारता बाजूला काढलेला गठ्ठा उजवीकडे. दोन्ही बाजू जुळत नाहीत, तेथे दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसावे.