नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर टाक्यांची काळजी कशी घ्यावी

नाकाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात रुग्णाचे लक्ष सूज, डोळ्यांभोवतीचे काळेनिळे डाग आणि नाकावरची पट्टी यांतच गुंतलेले असते. टाके इतके बारीक असतात की त्यांच्यावर खपली धरेपर्यंत त्यांची आठवणही होत नाही. नंतर उरणारा व्रण जेमतेम दिसेल की डोळ्यांत भरेल, यात मात्र या काही दिवसांतल्या निगेचा वाटा मोठा असतो.

छेद नेमके कुठे घेतले आहेत, हे घरी जाण्यापूर्वीच डॉक्टरांकडून समजून घ्यावे. बंद पद्धतीत सर्व छेद नाकपुड्यांच्या आत असतात. खुल्या पद्धतीत त्यांच्या जोडीला दोन नाकपुड्यांमधल्या त्वचेच्या अरुंद पट्टीवर एक छोटा आडवा छेद असतो, आणि नाकपुड्यांची रुंदी कमी केली असेल, तर त्या जिथे गालाला मिळतात त्या घडीतही टाके असतात. आतले टाके बहुधा आपोआप विरघळतात. बाहेरचे साधारणपणे ५ ते ७ दिवसांनी काढले जातात.

सफाई डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून सुरू करावी. सामान्यतः ती दिवसातून दोन-तीन वेळा करावी लागते. साबणाने किमान २० सेकंद हात धुवून, चांगल्या उजेडात आरशासमोर बसावे आणि हनुवटी थोडी वर उचलावी. आरसा टाळू नये, कारण नाकाचा शेंडा आणि त्याखालची पट्टी काही आठवडे बधिर राहते. दुखत नाही म्हणजे जोर लागत नाही, असा समज झाला की टाका ओढला जातो. जे काम एरवी बोटांना जाणवते, ते इथे डोळ्यांनी करायचे असते.

नवा इअरबड निर्जंतुक सलाइनमध्ये भिजवून टाक्यांच्या रेषेवर टेकवावा आणि घासण्याऐवजी बोटांत हळूच फिरवत उचलावा. वाळलेले रक्त चिकटून बसले असेल, तर ओला कापूस त्यावर काही क्षण तसाच धरून ठेवावा, म्हणजे ते मऊ होऊन कडेने सुटू लागते. तरीही न सुटल्यास तिथेच थांबावे आणि मलम लावून पुढच्या वेळेची वाट पाहावी. नखाने किंवा चिमट्याने खपली ओढली, तर तिच्याबरोबर टाकाही येऊ शकतो. नाकपुडीच्या आत काडीच्या टोकाचा कापूस जाईल एवढेच शिरावे, आणि एका बाजूचा इअरबड दुसऱ्या बाजूला वापरू नये.

काही डॉक्टर यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तितकेच पाणी मिसळून वापरायला सांगतात. त्याचा फेस पाहून जखम अगदी स्वच्छ झाल्याचे समाधान मिळते खरे, पण त्याचा वारंवार वापर नव्या पेशींनाही इजा करतो. म्हणून ते सांगितले असेल तरच, आणि सांगितले तितकेच दिवस वापरावे.

सफाईनंतर दिलेल्या मलमाचा पातळ थर लावावा. रेषेवर ओलसर चकाकी दिसली की पुरे. ओलाव्यात नवी त्वचा जखमेवरून सहज सरकते, तर कोरड्या खपलीखाली तिला वाट काढत यावे लागते. मलमामुळे खाज सुटली किंवा बारीक पुरळ उठले, तर ती ॲलर्जी असू शकते. मलम थांबवून डॉक्टरांना कळवावे.

टाक्यांवर ताण येणार नाही, याचीही काळजी घ्यावी. साधारण दोन आठवडे नाक शिंकरू नये, शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून द्यावी, आणि नाक चोंदल्यास सलाइनचा फवारा वापरावा. वरचा ओठ ताणला की मधल्या पट्टीवरचे टाकेही ओढले जातात, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून दात घासताना लहान, मऊ ब्रश वापरावा आणि ओठावरची दाढी करण्याची घाई करू नये. झोपताना डोके उंचावर ठेवावे. धूम्रपान पूर्णपणे बंद ठेवावे, कारण निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जखमेला रक्तपुरवठा कमी पडतो. ॲस्पिरिनसारखी रक्तस्राव वाढवणारी औषधे घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

पू किंवा दुर्गंधी येणे, लाली पसरत जाणे, ताप चढणे, त्वचा काळवंडणे किंवा कमी होत आलेली वेदना पुन्हा वाढणे, यांपैकी काहीही दिसल्यास लगेच संपर्क साधावा. नाक आतून अचानक दुखू लागून दोन्ही बाजूंनी बंद झाले, तर मधल्या पडद्यापाशी रक्त साचलेले असू शकते आणि त्यामुळे कूर्चेला कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी त्याच दिवशी तपासणी हवी. ताजे रक्त वाहू लागल्यास ताठ बसून किंचित पुढे वाकावे आणि ते थांबत नसेल, तर रुग्णालय गाठावे.

टाके निघाल्यावरही व्रण काही महिने लालसर दिसतो आणि साधारण वर्षभरात फिकट होत जातो. जखम पूर्ण मिटून खपल्या गळाल्यानंतर, डॉक्टरांच्या संमतीने, सिलिकॉन जेल आणि एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक क्षमतेचे सनस्क्रीन सुरू करता येते. सनस्क्रीन लावताना चेहरा वर करून नाकाखालच्या पट्टीवरही ते पोहोचल्याची आरशात खात्री करावी. नेमकी तीच जागा राहून जाते.