असेंबल्ड पीसी गेममध्ये अडखळतोय? नवं कार्ड घेण्याआधी हे तपासा

‘पीसी लई लॅग होतंय बे’ या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळी दुखणी दडलेली असतात आणि सगळ्यांवर एकच औषध सांगितलं जातं, ते म्हणजे नवं ग्राफिक्स कार्ड. कार्ड येतं, हजारो रुपये जातात आणि गेम तसाच अडखळत राहतो, कारण दुखणं एका रिकाम्या रॅम स्लॉटमध्ये किंवा हीटसिंकवरच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांवरच्या धुळीत होतं. म्हणून आधी मोजायचं, मग स्क्रू काढायचे, आणि खिशात हात सगळ्यात शेवटी.

तक्रार नेमकी काय?

गेम पहिल्या मिनिटापासून संथ असेल तर सेटिंग, रॅम किंवा कार्डाची ताकद कमी पडतेय. दहा-पंधरा मिनिटं छान चालून मग ढेपाळत असेल तर उष्णता. मधेच अर्धा सेकंद गोठून पुन्हा धावत असेल तर रॅम भरलेली किंवा डिस्क मंद. खेळताना धाडकन रीस्टार्ट होत असेल तर संशय पहिला एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. आणि चित्र सुरळीत आहे, पण समोरचा खेळाडू एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारल्यासारखा दिसतो, गोळी उशिरा लागते, तर ते दुखणं इंटरनेटचं आहे. त्यासाठी कॅबिनेट उघडू नका.

आता मॉनिटरची केबल पाहा. हसू येईल, पण ही चूक सर्रास होते. केबल कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला, यूएसबी पोर्टांच्या रांगेत लावली असेल तर ती मदरबोर्डला लागली आहे आणि महागडं कार्ड नुसतं बसून आहे. ती खाली, कार्डाच्या आडव्या पट्टीवरच्या पोर्टमध्ये लावा. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये तो ६० वर अडकलेला नाही ना, हेही बघून घ्या.

वीस मिनिटं मोजणी

एमएसआय आफ्टरबर्नर हे मोजणीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. त्याच्यासोबत येणारं, गेमवरच आकडे दाखवणारं रिव्हाट्यूनरही बसवा. सेटिंगमधल्या मॉनिटरिंग टॅबमध्ये जीपीयू (कार्डाची चिप) युसेज, जीपीयूचं तापमान, कार्डाची मेमरी, प्रत्येक सीपीयू (प्रोसेसर) थ्रेडचा युसेज, सीपीयूचं तापमान आणि क्लॉक म्हणजे वेग, रॅम आणि फ्रेमरेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) हे निवडून ‘ऑन-स्क्रीन डिस्प्ले’ची खूण करा. एकच गेम, एकच नकाशा, वीस मिनिटं. दुसऱ्या मिनिटाचे आणि विसाव्या मिनिटाचे आकडे कागदावर लिहा. शेजारी तारीख आणि वेळही लिहा, ते का ते पुढे कळेल.

जीपीयू ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल तर कार्ड पूर्ण ताकदीनं राबतंय, बिघाड नाही. शॅडो आणि रिझोल्यूशन खाली आणा, तेवढाच उपाय. जीपीयू ५०-६० वर रेंगाळतोय आणि फ्रेमरेट पडलाय, म्हणजे कार्डाला काम पुरवणारं कोणीतरी मागे पडतंय. इथं सीपीयूचा एकूण टक्का फसवतो. सहा कोअर, बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा जेमतेम ८ टक्के दिसतो. म्हणून थ्रेड वेगवेगळे बघायचे.

खात्री करायची सोपी युक्ती अशी. गेमचं रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी करा. फ्रेमरेट चांगला वाढला तर अडचण कार्डाची. जिथल्या तिथं राहिला तर प्रोसेसर, रॅम किंवा उष्णता. फक्त त्याआधी व्ही-सिंक (फ्रेमरेट मॉनिटरच्या हर्ट्झला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद केलेली असू द्या, नाहीतर ६० चा आकडा ६० च राहणार आणि निष्कर्ष चुकणार.

कार्डाची मेमरी ४ जीबी असून ३.९ भरलेली दिसली तर टेक्स्चर एक पायरी खाली आणा. झटके बहुतेक वेळा तिथंच थांबतात.

उष्णता, आणि तीही सोलापूरची

प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, खोली २४ अंशांवर असताना प्रोसेसर गेममध्ये ७४ ला असेल, तर तो खोलीपेक्षा ५० अंश वर आहे. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीपार आणि पत्र्याखालची किंवा स्लॅबखालची खोली दुपारी ३८ ला, की तोच प्रोसेसर ८८ वर. त्यात धूळ धरा. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःला वाचवायला वेग कमी करतात, तेव्हा ४.२ गिगाहर्ट्झचा आकडा तीनच्या खाली घसरतो आणि गेम चिखलात रुतल्यासारखा होतो. अनेक जीफोर्स कार्डं ८३ अंशांच्या आसपास हात आखडतात. तारीख-वेळ लिहायला सांगितली ती यासाठी. रात्री दहाचे आकडे दुपारी तीनला लागू पडत नाहीत.

कॅबिनेटची बाजूची झाकणी काढून तोच गेम पुन्हा वीस मिनिटं चालवा. तापमान ८-१० अंशांनी उतरलं तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही. कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात कॅबिनेट कोंबलेलं असतं, तिथंच अर्धी गोष्ट कळते. बाहेर काढा, मागे निदान वीतभर जागा सोडा. पुढचा पंखा हवा आत ओढणारा आणि मागचा बाहेर फेकणारा हवा. पंख्यासमोर कागदाचा चिटोरा धरला की दिशा कळते.

झाकणी काढूनही फरक पडला नाही तर हीटसिंक बघा. यंत्रमाग जवळ असलेल्या घरांत, पूर्व भागात तर विशेष, नुसती माती बसत नाही. हवेत कापसाचे तंतू असतात. वरून पंखा स्वच्छ दिसतो, पण चार स्क्रू काढून पंखा उचलला की खाली ॲल्युमिनियमच्या पात्यांवर राखाडी, मऊ, जाडसर थर सापडतो. टोक धरून ओढला तर अख्खा तुकडा वाकळेसारखा निघून येतो. चादरींच्या गावात प्रोसेसरनंही चादर पांघरलेली असते म्हणा ना. यावर नुसता ब्लोअर मारला तर तंतू पात्यांत आणखी खोल जाऊन बसतात. आधी चिमट्यानं थर काढा, मग एक इंची कोरडा रंगाचा ब्रश, आणि शेवटी ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, गरगर फिरू दिली तर बेअरिंग खराब होतं. वीज बंद, प्लग काढलेला, आणि हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला एकदा स्पर्श, एवढं पाळा.

प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट तीन-चार वर्षांत वाळते. बदलायची तर एएम४ सॉकेटच्या रायझनवर घाई नको. कूलर थंड असताना सरळ वर खेचला तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. पीसी दहा मिनिटं चालवून पेस्ट ऊबदार करा, बंद करा, प्लग काढा, कूलर सोडवून डावी-उजवीकडे हलका पिरगाळा, मग उचला. इंटेलच्या मूळ कूलरला चार पुश-पिन असतात. बसवताना समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या जोडीनं दाबा, आणि बोर्डाच्या मागच्या बाजूनं चारही काळी टोकं बाहेर आलीत का ते पाहा. एक पिन अर्धी राहिली तर काही मिनिटांतच तापमान शंभरीला टेकतं. जुनी पेस्ट ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, नवी मटारच्या दाण्याएवढी पुरे.

एक नावाचा घोळ. खोलीतला पाण्याचा कूलर पीसीवर रोखू नका. खोली गार झाली तर फायदाच आहे, पण थेट झोतातले तुषार आणि आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षार बोर्डावर बसायला नकोत.

रॅम

८ जीबी रॅमवर आजचे मोठे गेम गोठत-गोठतच चालतात. १६ जीबी घ्या आणि ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत घ्या, म्हणजे ड्युअल चॅनल मिळतो. एकट्या पट्टीवर मेमरीचा रस्ता निम्मा होतो. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा. पहिल्या-दुसऱ्यात शेजारी-शेजारी लावलेल्या पट्ट्या दिसायला नीट दिसतात, चालतात मात्र सिंगल चॅनलवर. सीपीयू-झेड या फुकट सॉफ्टवेअरच्या मेमरी टॅबमध्ये हे लगेच दिसतं.

मग टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये रॅमचा वेग बघा. पट्टीवर ३२०० छापलंय आणि तिथं २१३३ किंवा २४०० दिसतंय, तर बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगानं चालवणारी सेटिंग, सुरूच केलेलं नाही. काही बोर्डांवर त्याचं नाव डीओसीपी किंवा एक्स्पो असतं. सुरू केल्यावर पीसी उठलाच नाही तर घाबरू नका. प्लग काढून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, बायोस मूळ जागी येतं. आय५-१०४०० प्रोसेसर एच४१० बोर्डावर असेल तर २६६६ च्या वर जाणारच नाही, ती चूक नव्हे.

डिस्क

गेम हार्ड डिस्कवर असेल आणि टास्क मॅनेजरमध्ये ती १०० टक्के दिसत असेल तर साधा साटा एसएसडी पुरे. त्यानं फ्रेमरेट वाढत नाही, लोडिंग आणि मधले झटके जातात. एनव्हीएमई या जास्त वेगवान एसएसडीमुळे गेम दुप्पट पळेल ही समजूत सोडा. जुन्या डिस्कवर तिची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवा. ०५ आणि सी५ या ओळींत शून्याऐवजी आकडे आले असतील तर आधी फोटो-कागदपत्रं दुसरीकडे हलवा, गेम नंतर.

वीज

आरटीएक्स ३०६० हे कार्ड १७० वॅट घेतं आणि त्यासाठी एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या ‘४५० वॅट’च्या डब्यावर ते रेटू नका. लेबलवर एकूण वॅटपेक्षा १२ व्होल्टच्या ओळीपुढचा अँपिअरचा आकडा बघा, त्याला १२ नं गुणा. उत्तर छापील वॅटच्या निम्म्यावर आलं तर डबा बदला. साटाच्या वायरीला जोड लावून आठ पिनचा प्लग बनवणं तर कधीच नको, वायर वितळते.

लाइटची ये-जा म्हणून यूपीएस लावलेला असतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच झेपवतो, त्यामुळे गेम चालू असताना लाइट गेली की बीप करून सगळंच बंद पडतं. मग दोष पीसीला दिला जातो. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

विंडोजमध्ये थोडकंच

पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, स्टार्टअपमधली अनावश्यक लाँचरं बंद, ड्रायव्हर कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून. कार्ड बदललं असेल तर जुना ड्रायव्हर डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरनं काढून मग नवा. पेनड्राइव्हवरून मित्राकडून आणलेला गेम असेल तर एक लक्षण ओळखून ठेवा. पीसी नुसता बसून असताना पंखे घोंघावतात, आणि टास्क मॅनेजर उघडताच शांत होतात. असं झालं तर आत कोणीतरी तुमच्या विजेवर क्रिप्टो नाणी खणतंय. विंडोज कोरी टाका.

हे सगळं करूनही आकडे तेच राहिले तर मग खरेदीला नवी पेठ गाठा. तिसऱ्या पिढीच्या आय५ वर कितीही भारी कार्ड लावलं तरी प्रोसेसर मागे खेचणार, आणि त्यात एव्हीएक्स२ हा प्रोसेसरच्या सूचनांचा संच नसल्यामुळे काही नवे गेम सुरूही होत नाहीत. जीटी ७१० किंवा ७३० ‘४ जीबी ग्राफिक्स’ म्हणून विकली जातात, ती चित्र दाखवण्यापुरतीच. आरएक्स ६५०० एक्सटी मदरबोर्डाशी बोलायला फक्त चार लेन (रस्ते) वापरतं, म्हणून जुन्या थर्ड जेन पीसीआयई बोर्डावर ते अपेक्षेपेक्षा मंद पडतं. वापरलेलं कार्ड घेत असाल तर दुकानातच वीस मिनिटं गेम चालवायला सांगा, आणि तापमान, क्लॉक, फ्रेमरेट घरून आणलेल्या कागदावर जुन्या आकड्यांशेजारी लिहून घ्या.