फ्रॅक्टलचं पहिलं पुस्तक निवडताना

फ्रॅक्टल म्हणजे कितीही मोठे करून पाहिले तरी नवे बारकावे दाखवणारे आकार. त्यांच्या भूमितीची पुस्तकं बहुधा नुसत्या रंगीत चित्रांची निघतात, नाहीतर सुरुवातीलाच मेझर थिअरीत (लांबी, क्षेत्रफळ मोजण्याच्या अमूर्त गणितात) बुडवतात. नवशिक्याला पेलेल असं पुस्तक नमुना पानांवरून किंवा ग्रंथालयातल्या प्रतीवरून ओळखता येतं.

१. सूचीत 'कॉख वक्र' (रेघेच्या मधल्या तृतीयांशावर पुन्हा पुन्हा त्रिकोणी टोक काढत बनणारा फ्रॅक्टल) शोधा. मिती (डायमेन्शन; साध्या रेघेची १, सपाट पृष्ठाची २) १.२६ एवढंच छापून पुढे गेले असतील तर पुस्तक परत ठेवा. प्रत्येक रेघेच्या जागी एक-तृतीयांश लांबीच्या चार रेघा येतात, म्हणून लॉग ४ भागिले लॉग ३, ही पायरी दिसलीच पाहिजे.

२. 'बॉक्स काउंटिंग'चं (आकार झाकायला किती चौकटी लागतात ते मोजून मिती काढण्याचं) एक तरी उदाहरण आकड्यांसह सोडवलेलं हवं: चौकटींची बाजू निम्मी-निम्मी करत मोजणी, मग लॉग-लॉग आलेखाचा उतार. शिवाय प्रकरणाअखेर गणितं हवीत. ती नसतील तर वाचून होतं, येत काही नाही.

३. 'फ्रॅक्टलची मिती अपूर्णांकच असते' असं ठासून लिहिलं असेल तर पुस्तक बाद. सिएरपिन्स्की चतुष्फलकाची (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या जागी तिच्याच निम्म्या मापाच्या चार प्रती पुन्हा पुन्हा ठेवून बनणाऱ्या फ्रॅक्टलची) मिती नेमकी २ भरते.

'फ्रॅक्टल' हा शब्द रूढ करणारे गणितज्ञ मँडेलब्रॉट यांचा १९८२ चा ग्रंथ चाळायला झकास, शिकायला नव्हे. बारावीचं कॅल्क्युलस पक्कं असून पुढे खोलात जायचं असेल तर केनेथ फाल्कनर यांचं 'फ्रॅक्टल जॉमेट्री' घ्या.

मात्र जुन्या बाजारात घेताना आवृत्ती बघा. २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीत बॉक्स काउंटिंग आधी येतं, आधीच्या आवृत्त्यांत अवघड हाउसडॉर्फ मिती (मितीची जास्त काटेकोर व्याख्या) आधी आहे.