ऑलिंपिकची ललकारी घरात नीट ऐकायची कशी

गुहागरात आमचं घर खालच्या पाटात. पुढे रस्ता, मागे नारळी-पोफळीची बाग, बाग संपली की समुद्र. मी शाळेत खेळ शिकवतो आणि ऑलिंपिकसारख्या सोहळ्यांसाठी लिहिलेलं वाद्यवृंदाचं संगीत गेली वीसेक वर्षं या घरात ऐकतो आहे. पोरांनाही ऐकवतो. ते कसं ऐकावं असं कुणी विचारलं की लोक तीन गोष्टी सांगतात: बास वाढवा, मोठ्यानं लावा, डोळे मिटा. पहिल्या दोन गोष्टींनी या संगीताचा जीवच जातो. डोळे मिटून काही बिघडत नाही, पण तेवढ्यानं हातीही काही लागत नाही.

मी करतो ते असं.

दोनच रचना निवडा

सुरुवातीला पन्नास गाण्यांची यादी लावून बसू नका. सिनेमांना संगीत देणारे अमेरिकन संगीतकार जॉन विल्यम्स यांच्या दोन रचना पुरेत. एक 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी लिहिलेली 'ऑलिंपिक फॅनफेअर अँड थीम', सुमारे चार मिनिटांची. दुसरी 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकसाठीची 'समन द हीरोज', सुमारे सहा मिनिटांची. फॅनफेअर म्हणजे पितळी वाद्यांची ललकारी.

इथे एक घोळ नेहमी होतो. टिंपनीचे, म्हणजे वाद्यवृंदातल्या मोठ्या नगाऱ्यांचे, जड ठोके पडतात आणि मग ट्रम्पेट्स सावकाश, ऐटीत वर चढतात, ती सुरावट बहुतेक लोक विल्यम्स यांची समजतात. ती त्यांची नाही. ती लिओ आर्नो यांच्या 1958 मधल्या 'बगलर्स ड्रीम'ची. अमेरिकेतल्या ऑलिंपिक प्रक्षेपणात ती इतकी वाजली की लोकांच्या मनात तीच ऑलिंपिकची ओळख होऊन बसली. पुढे 1996 मध्ये विल्यम्स यांनी ती आपल्या 1984 च्या रचनेला जोडून सादर केली. म्हणून ध्वनिमुद्रण निवडताना सुरुवात ऐकून घ्या. टिंपनीच्या ठोक्यांनी सुरू झालं तर तुमच्याकडे जोडलेली आवृत्ती आहे. तीही सुंदरच आहे, पण पहिल्यांदा 1984 ची रचना एकटी ऐका.

जागा आणि वेळ

स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. कोपऱ्यात खालचे स्वर घुमतात आणि सगळं गढूळ होतं. दोन स्पीकर असतील तर त्यांच्यात दीड-दोन हात अंतर ठेवा आणि समोर मधोमध बसा. भिंतीवरच्या मांडणीतली ताटं-वाट्या टिंपनीबरोबर थरथरतात, त्या आधी खाली उतरवा.

पावसाळ्यात कौलांखाली हे ऐकू नका. आषाढ-श्रावणात सरींचा आणि पागोळ्यांचा आवाज हलक्या जागा पार गिळून टाकतो. तेव्हा हेडफोन घ्या किंवा दिवाळीपर्यंत थांबा. एरवी मला पहाट आवडते. वारा पडलेला असतो, रस्त्यावर गाडी नसते. समुद्राची गाज मात्र तेव्हाही असतेच. ती मागच्या पडवीत जास्त आणि माजघरात कमी, म्हणून मी माजघरात बसतो.

आवाज किती ठेवायचा: इथेच सगळे चुकतात

मीही चुकलो होतो आणि तेही शंभर माणसांसमोर.

आमच्या शाळेचे वार्षिक क्रीडासामने होते. पाहुणे आले, ध्वज उभारला, आणि मी 'समन द हीरोज' लावायला सांगितलं. मांडववाल्यानं दोन कर्णे झाडाला बांधले होते. सुरुवातीची ललकारी कशीबशी पार पडली. मग या रचनेत एक जागा येते. पितळी वाद्यं थांबतात, तंतुवाद्यं अगदी हळू एक पट्टा धरतात आणि त्यावर एकच ट्रम्पेट एकटी गाऊ लागते. कर्ण्यातून त्यातलं काहीच ऐकू येईना. लोकांना वाटलं, बंद पडलं. कुणीतरी ओरडलं, "आवाज वाढवा!" चालवणाऱ्या मुलानं बटण पार उजवीकडे फिरवलं. अर्ध्या मिनिटानं सगळा वाद्यवृंद परत आला तेव्हा कर्णे फाटल्यासारखे किंचाळले, पुढच्या रांगेतल्या लहान मुलांनी कान झाकले आणि एकाला रडू फुटलं. मी धावत जाऊन ते बंद केलं. संचलन शिट्टीवर झालं. ते मूल रडलेलं मला आजही आठवतं.

बटण फिरवणाऱ्या मुलाचा दोष नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. हे संगीत सिनेमाच्या गाण्यासारखं नसतं. सिनेमाचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळपास एकाच पातळीवर ठेवलेलं असतं, त्यामुळे पहिल्या ओळीला आवाज जुळवला की काम झालं. वाद्यवृंदात एकटी बासरी आणि पूर्ण भरात आलेले ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, टिंपनी यांच्या आवाजात जमीन-अस्मानाचं अंतर असतं. रचनाकार त्या अंतरावरच इमारत उभी करतो. तुम्ही हळू जागी आवाज वाढवलात आणि मोठ्या जागी कमी केलात, तर त्यानं बांधलेला डोंगर सपाट झाला. मग चढण राहिली नाही आणि वरून दिसणारं काही राहिलं नाही.

म्हणून मी आता उलटीकडून सुरुवात करतो. रचना लावली की आधी सरळ शेवटच्या अर्ध्या मिनिटावर जातो. तिथे सगळे मिळून वाजवत असतात. तिथे आवाज जुळवतो: खोली भरून गेली पाहिजे, शेजारी बसलेल्याशी बोलायला आवाज चढवावा लागला पाहिजे, पण झांजेचा आवाज फाटता कामा नये. फाटला तर थोडं खाली. जागा सापडली की मागे सुरुवातीला जातो आणि त्यानंतर बटणाला हात लावत नाही. माझ्या जुन्या ॲम्प्लिफायरच्या बटणावर नखांना लावायच्या रंगाचा लाल ठिपका आहे. घरात कुणीही लावलं तरी ठिपक्याशी थांबायचं, हा नियम.

हळू जागा ऐकू येत नसेल तर आवाज वाढवायचा नाही, घरातला आवाज कमी करायचा. पंखा बंद. फ्रीज त्याच खोलीत घुरघुरत असेल तर खोली बदला. तरीही नाही आलं तर उठून स्पीकरजवळ जाऊन बसा. यातलं काही न करता बटण फिरवणं हाच मार्ग सगळ्यांना सुचतो आणि तोच वाईट आहे.

मोबाइलवर ऐकत असाल तर आणखी दोन गोष्टी. गाणी ऐकवणाऱ्या बऱ्याच ॲपमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारी सोय असते, ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. मोबाइलमधली बास वाढवणारी सोयही बंद करा. बास वाढवल्यावर ट्युबा आणि डबल बास ही खालच्या स्वरांची वाद्यं इतकी फुगतात की त्यांच्यावरचे हॉर्न, म्हणजे गोल वळणांची पितळी वाद्यं, झाकले जातात, आणि हॉर्न गेले की निम्मं तेज गेलं. मोबाइलच्या स्वतःच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकूच नका. त्यातून खालचे स्वर येत नाहीत. कर्ण्याचंही तेच: तो माणसाचं बोलणं लांब पोचवण्यासाठी केलेला असतो, टिंपनीसाठी नाही.

आणि ती एकट्या ट्रम्पेटची जागा ओलांडून पुढे जाऊ नका. कितीतरी वर्षं मी बोटानं ती पुढे ढकलत असे, कारण मला फक्त ललकारी हवी होती. मग शेवटची ललकारी मला नुसतीच मोठी वाटायची, उंच वाटायची नाही. ज्या दिवशी मधली शांतता पूर्ण ऐकली, त्या दिवशी शेवट पहिल्यांदा अंगावर आला. सोहळ्यात खेळाडू मैदानात येतो तेव्हा तो मघापर्यंत कुठेतरी एकटा सराव करत होता हे या जागेत ऐकू येतं, असं मला वाटतं. तुम्हाला दुसरं काही वाटेल. पण ती जागा ऐकायची.

ललकारी अशी उड्या का मारते

शिमग्यात पालखीपुढे शिंग किंवा तुतारी वाजते ती आठवा. तिला पडदे नाहीत, भोकं नाहीत. फुंकणारा ओठ आवळतो तसा स्वर एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडी मारतो, आणि त्या पायऱ्या निसर्गानं ठरवलेल्या आहेत: सा, प, वरचा सा, ग, पुन्हा प. मधले स्वर खालच्या भागात मिळतच नाहीत. सैन्यातल्या बिगुलाचंही तसंच. ट्रम्पेटला कळा आल्या त्या एकोणिसाव्या शतकात, आणि मग तिच्यातून सगळे स्वर निघू लागले. तरी हाक द्यायची वेळ आली की रचनाकार अजून त्याच जुन्या उड्यांकडे जातात. कानाला त्यात बोलावणं ऐकू येतं.

तेव्हा यात राग शोधू नका. सुरुवातीला मी पेटी घेऊन बसत असे, भूप आहे की काय ते बघायला. वेळ वाया गेला. त्याऐवजी 'सा-प-सा' तोंडानं म्हणून बघा आणि मग ललकारी लावा, लगेच ओळख पटते.

दुसऱ्यांदा ऐकताना खालची ओळ धरा

आपला कान एका सुरावटीच्या मागे जायला शिकलेला आहे. वाद्यवृंदात दोन-तीन एकदम चाललेल्या असतात. 'ऑलिंपिक फॅनफेअर अँड थीम'मध्ये आधी ललकारी येते, मग वेगळी, गाती सुरावट येते, आणि शेवटाकडे त्या दोन्ही एकमेकींवर वाजतात. पहिल्यांदा तुम्हाला फक्त वरची ऐकू येईल. दुसऱ्यांदा हट्टानं वरची सोडा आणि खालची धरा.

जमणार नाही असं वाटलं तर ढोल-ताशा आठवा. ताशा तडतडत असतो, ढोल त्याच्याखाली संथ चालतो, आणि नाचणारा पाय ढोलावर टाकतो. कान ताशाचा आणि पाय ढोलाचा. हे कोकणातल्या माणसाला शिकवावं लागत नाही, तोच कान इथे वापरायचा.

यासाठी सगळ्यात चांगला सराव म्हणजे चेक संगीतकार लेओश यानाचेक यांच्या 1926 मधल्या 'सिन्फोनिएटा'चा पहिला भाग. प्रागमधल्या सोकोल या व्यायाम चळवळीच्या मेळाव्यासाठी लिहायला घेतलेल्या ललकाऱ्यांतून ही रचना झाली. पहिल्या भागात व्हायोलिन नाही, बासरी नाही: नऊ ट्रम्पेट, दोन बास ट्रम्पेट, दोन टेनर ट्युबा आणि टिंपनी. एवढंच. खाली एक छोटं वळण पुन्हा पुन्हा फिरत राहतं आणि वर ट्रम्पेट्सचे गट एकमेकांना उत्तरं देतात. सगळी वाद्यं एका जातीची असल्यामुळे कोण कुठे आहे ते शोधायला कान लावावाच लागतो.

पुढे काय ऐकाल

ग्रीक संगीतकार सामारास यांचं ऑलिंपिक स्तोत्र, 1896 चं, कवी पालामास यांच्या शब्दांसह. ध्वज चढवताना वाजतं ते हे. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकशी जोडली गेलेली शोस्ताकोविच यांची 'फेस्टिव्ह ओव्हर्चर' 1954 ची आहे, खेळांसाठी लिहिलेली नव्हे, पण दमदार. युरोपातल्या फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगचं 1992 चं गीत ऐकायचं असेल तर त्याआधी हॅन्डेलचं 1727 चं 'झेडॉक द प्रीस्ट' ऐका. टोनी ब्रिटन यांनी ते त्यावरूनच बेतलं आहे.

आणि आपलं: 1982 च्या दिल्ली एशियाडसाठी पंडित रविशंकरांनी बांधलेलं स्वागतगीत, शब्द पंडित नरेंद्र शर्मांचे. ज्या स्पर्धेवरून आपल्या निमआराम एसटीला 'एशियाड' नाव पडलं, तीच ही. हे मी मुद्दाम शेवटी ठेवतो. यात शब्द आहेत, आणि शब्द आले की कान वाद्यांकडे लक्ष द्यायचं सोडतो. आधीच्या रचनांवर कान तयार झाला की मग शब्दांमागे काय चाललंय तेही ऐकू येतं.

मैदानावर लावायचं असेल तर

संचलनासाठी विल्यम्स नको. त्यात चाल बदलते, पोरांची पावलं चुकतात. युजी कोसेकी यांनी 1964 च्या टोकियो ऑलिंपिकसाठी लिहिलेला 'ऑलिंपिक मार्च' घ्या. ठेका शेवटपर्यंत पक्का आहे आणि सूर मोकळा, हसरा आहे.

कर्णे नकोत, दोन मोठे पेटी स्पीकर सांगा. आदल्या संध्याकाळी मैदानावर शेवटचं अर्धं मिनिट वाजवून आवाज जुळवा आणि बटणावर चिकटपट्टी लावा. चालवणाऱ्याला जवळ बसवून हळू जागा एकदा ऐकवा आणि सांगा, "इथे लोक ओरडतील. तू हात लावायचा नाहीस." आमच्याकडे आता हे काम नववीतली मुलगी करते. गेल्या सामन्यांत ध्वजानंतर 'समन द हीरोज' पुन्हा लावलं, तेव्हा एकट्या ट्रम्पेटच्या जागी मागून कुणीतरी ओरडलंच. तिनं हात मांडीखाली घेतले आणि बसून राहिली.