पहिलटकरणीने कळा आणून घ्याव्यात की वाट पाहावी?

प्रकृती उत्तम असली, तरी आधी पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीवरून दिवस पक्के करून घ्यावेत, कारण तारीख चुकली की पुढचा सारा हिशेब चुकतो. अमेरिकेतील ६,१०६ निरोगी पहिलटकरणींच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अराइव्ह’ अभ्यासात, ३९ आठवडे झाल्यावर कळा आणण्याच्या गटात सिझेरियन १८.६ टक्के, तर वाट पाहणाऱ्या गटात २२.२ टक्के झाले. बाळांच्या गंभीर त्रासात मात्र ठोस फरक आढळला नाही. गर्भपिशवीचे तोंड मऊ झाले आहे का, नसल्यास ते मऊ करायला औषधी जेल वापरणार की आत घालून फुगवायचा फुगा, आणि कळा सुरू व्हायला दिवसभर लागला तरी सिझेरियनची घाई न करता धीर धरणार का, हे डॉक्टरांना विचारावे. शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. थांबायचे ठरल्यास, बाळाची हालचाल मंदावताच किंवा पाणी जाताच रुग्णालय गाठावे आणि ४१ आठवडे भरताच कळा आणण्याविषयी पुन्हा बोलावे.