मुदत उलटलेला रोल कॅमेऱ्यात घालण्याआधी

सगळ्यात आधी खोक्यावरची तारीख बघा, पण तेवढ्यावर काही ठरवू नका. रोल इतकी वर्षं कुठे पडून होता, हे त्याहून मोलाचं. फ्रीजरमध्ये पंधरा वर्षं राहिलेला रोल बऱ्याचदा ताज्याच्या जवळ जातो. गरम माळ्यावर राहिलेला त्याच्या कितीतरी आधी थकतो. ज्याच्याकडून मिळाला त्याला विचारा, त्याला आठवत नसेल तर वाईटच धरून चला. खोका टाकू नका, इमल्शन नंबर, म्हणजे फिल्मच्या बॅचचा क्रमांक, त्यावर असतो. एकाच नंबरचे, एकत्रच राहिलेले तीन-चार रोल हाती आले तर फार बरं, त्यातला एक चाचणीला देता येतो.

३५ मिमीच्या रोलची जीभ, म्हणजे बाहेर डोकावणारं फिल्मचं टोक, डबीत पूर्ण आत गेली असेल तर थांबा. तो बहुधा आधीच काढलेला आहे आणि त्यात कुणाचे तरी चेहरे आहेत. त्यावर पुन्हा फोटो काढू नका, तसाच धुवायला द्या.

प्रोसेस, म्हणजे फिल्म धुण्याची पद्धत, नीट वाचा. सी-४१, म्हणजे रंगीत निगेटिव्हची आजची पद्धत, असेल तर अडचण नाही. सी-२२ लिहिलेला रोल १९७२ च्या आधीच्या पद्धतीचा. सी-४१ च्या ३८ अंशांच्या रसायनात त्याचं इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा थर, सुटू शकतं, म्हणून तो कृष्णधवल म्हणूनच धुवून घ्यावा. कोडॅक्रोम या कोडॅकच्या जुन्या रंगीत स्लाइड फिल्मचंही तेच. त्याचे रंग फिल्ममध्ये नसायचेच, धुताना भरले जायचे, आणि ते काम करणाऱ्या कॅन्ससमधल्या शेवटच्या लॅबनं २०१० अखेर रोल घेणं थांबवलं.

आता खरा प्रश्न, प्रकाश किती द्यायचा. उष्णतेनं आणि निसर्गातल्या किरणोत्सारानं चांदीचे काही कण प्रकाश न पडताच काळे व्हायला तयार होतात. निगेटिव्हवर सगळीकडे एक धुकं बसतं आणि सावलीतला नाजूक तपशील त्यात बुडतो. जास्त प्रकाश दिला की तो तपशील धुक्याच्या वर येतो. म्हणून साध्या तापमानात राहिलेल्या रंगीत निगेटिव्हला दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जादा, म्हणजे प्रकाश दुप्पट, हा ढोबळ हिशेब. ४०० आयएसओचा रोल (आयएसओ म्हणजे फिल्मचा वेग, ती प्रकाश किती चटकन टिपते ते) वीस वर्षं उलटलेला असेल तर मीटर १०० वर ठेवा. कॅमेरा डबीवरचा डीएक्स कोड (फिल्मचा वेग सांगणारे पट्टे) स्वतःच वाचत असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक दोनवर न्या. मंद कृष्णधवल फिल्म खूप चिवट असते, तिला याहून कमी पुरतं. ३२०० ची मात्र सगळ्यात लवकर जाते, फ्रीजरही तिला किरणोत्सारापासून वाचवत नाही.

स्लाइड फिल्मला, म्हणजे जिच्यावर निगेटिव्हऐवजी थेट सरळ चित्र उमटतं तिला, हा हिशेब लावू नका. तिथे धुक्यानं काळा रंगच फिका होतो आणि जादा प्रकाशानं उजळ भाग धुऊन निघतात. खोक्यावरच्या वेगाच्या आसपासच राहा आणि एकाच दृश्याचे अर्ध्या-अर्ध्या स्टॉपच्या फरकानं दोन-तीन फोटो घ्या.

चाचणीसाठी एकाच उजेडात एकच दृश्य खोक्यावरच्या वेगानं, मग एक, दोन, तीन स्टॉप जादा देऊन काढा. तेवढाच तुकडा अंधारात कापून धुतला की उत्तर समोर येतं. हे टाळू नका. मी एकदा पुन्हा न येणारा दिवस अशाच रोलवर, तोही खोक्यावरच्याच वेगानं काढला. सावलीतले सगळे चेहरे राखाडी गाळात गेले. त्याची हळहळ अजून आहे. तसल्या दिवशी ताजा रोलच घाला.

फ्रीजरमधला रोल आदल्या रात्रीच बाहेर काढा आणि डबी बंदच ठेवा, थंड फिल्मवर दव धरतं. जुनी फिल्म ठिसूळ असते, त्यामुळे लिव्हर सावकाश फिरवा आणि गुंडाळतानाही घाई नको. १२० च्या रुंद रोलवर मागच्या कागदाचे आकडे कधीकधी फोटोत उमटतात, त्याला आता इलाज नाही. भरपूर ऊन असलेला दिवस निवडा, उजेड कमी असेल तर ट्रायपॉड घ्या.

लॅबला फिल्म जुनी आहे हे सांगा आणि पुश करू नका, म्हणजे जास्त वेळ धुऊ नका, म्हणून बजावा. पुश केल्यानं प्रतिमेबरोबर धुकंही वाढतं. कृष्णधवल घरी धुणार असाल तर एचसी-११० हा डेव्हलपर घ्या, त्यात धुकं कमी येतं. रोल संपला की डबीवर वापरलेला आयएसओ लिहा आणि त्याच आठवड्यात धुवायला टाका, कारण टिपलेली पण न धुतलेली प्रतिमाही हळूहळू विरत जाते.