भरलेला खजिना, हरलेला डाव: स्ट्रॅटेजी आणि रोल-प्लेइंग गेम कसे खेळावेत

स्ट्रॅटेजी गेममध्ये, म्हणजे वस्ती आणि सैन्य उभारून समोरच्याला हरवायच्या खेळात, नवा माणूस हरला की शेवटच्या स्क्रीनवर बहुतेक वेळा सारखंच चित्र असतं. लाकूड हजाराच्या वर पडून आहे, सोनंही बऱ्यापैकी आहे आणि सैन्य मोजून आठ-दहा जणांचं. रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखादं पात्र घेऊन त्याची गोष्ट खेळायचा खेळ, अर्ध्यात सोडलेल्याची बॅग उघडली तर तीस औषधाच्या बाटल्या आणि एकदाही न वाचलेले मंत्रांचे कागद निघतात. दोन्हीकडचं दुखणं एकच आहे. आपल्या दुष्काळी भागात पेवात ज्वारी भरून ठेवणं हे शहाणपण होतं, कारण पुढचं वर्ष कसं जाईल याचा भरवसा नव्हता. गेममध्ये पुढचं वर्ष नसतं. डाव संपला की शिल्लक मातीमोल होते, म्हणून हाती आलेलं लगेच कामाला लावायला शिका. बाकीचे डावपेच त्यानंतर.

एज ऑफ एम्पायर्स 2: पहिली साडेसात मिनिटं

हा गेम 1999 चा, त्याची डेफिनिटिव्ह एडिशन 2019 ची. शिकायला याच्यासारखा दुसरा गेम नाही, कारण इथे चूक कुठे झाली ते घड्याळ लावून सांगता येतं. नेहमीच्या रँडम मॅपला तुमच्याकडे 3 व्हिलेजर (कामकरी), एक स्काउट (टेहळ्या), 200 धान्य, 200 लाकूड, 100 सोनं आणि 200 दगड असतात. व्हिलेजरला 50 धान्य लागतं आणि तो 25 सेकंदांत तयार होतो. सुरुवातीच्या डार्क एजमधून वर, म्हणजे पुढच्या युगात, फ्यूडल एजला जायला 500 धान्य आणि 130 सेकंद लागतात.

आता हिशेब मांडा. 20 व्हिलेजर करून वर जायचं, म्हणजे 17 नवे करायचे. 17 गुणिले 25, झाले 425 सेकंद. लूम, म्हणजे व्हिलेजरना बळकट करणारी सुधारणा, तिचे 25 धरून 450, म्हणजे साडेसात मिनिटं. टाउन सेंटर, म्हणजे व्हिलेजर तयार करणारी मुख्य इमारत, एक सेकंदही रिकामं राहिलं नाही, तर गेमच्या घड्याळात 7:30 ला फ्यूडलचं बटण दाबता येतं आणि 9:40 ला तुम्ही फ्यूडलमध्ये असता. तुमचं बटण 9:00 ला दाबलं जात असेल तर टाउन सेंटर दीड मिनिट बसून होतं, म्हणजे साडेतीन व्हिलेजर कमी झाले. रिकामं टाउन सेंटर म्हणजे पगार चालू आणि पारावर बसलेला सालगडी. सरावाच्या पहिल्या दहा डावांत लढाईचा विचारही करू नका, फक्त हा आकडा 8:00 च्या आत आणा.

क्रम असा ठेवा. सुरुवात होताच 200 धान्यात चार व्हिलेजर रांगेला लावा. दोघांनी एक घर बांधायचं, तिसऱ्याने दुसरं. एका घराला 25 लाकूड लागतं आणि पाच जणांची सोय होते. घरं झाली की तिघंही टाउन सेंटरला चिकटून मेंढरांवर. पहिले सहा जण मेंढरांवर झाले की पुढचे चार लाकडाला पाठवा आणि लंबर कॅम्प (लाकूड जमा करायची इमारत) झाडांना अगदी लागून बांधा. मध्ये नकाशाच्या दोन चौकटींचं अंतर राहिलं तर प्रत्येक फेरीत वेळ चालण्यात जातो. अकरावा रानडुक्कर आणायला निघतो. त्यानंतरचे चार बोरांच्या झुडपांवर, तिथे मिल (धान्य जमा करायची इमारत) लागते. उरलेले दुसऱ्या डुकरावर आणि लाकडावर वाटा. फ्यूडलला जायला डार्क एजच्या दोन इमारती लागतात, त्या लंबर कॅम्प आणि मिलने भरून निघतात. 175 लाकडाचं बॅरॅक्स (पायदळाची इमारत) वर जाण्याच्या 130 सेकंदांत बांधा.

नवे खेळाडू सर्वांत जास्त चुकतात ते रानडुकरावर, आणि घाबरून ते सोडून देणं महागात पडतं. एका डुकरात 340 धान्य असतं, मेंढरात 100. एकाच व्हिलेजरला पाठवा. त्याने एक-दोन बाण मारले की डुक्कर अंगावर येतं, त्याच क्षणी त्याला टाउन सेंटरकडे पळवा. तिथे मेंढरांवर असलेल्या सगळ्यांना निवडून डुकरावर सोडा. व्हिलेजरचे प्राण 25 असतात, लूम केल्यावर 40 होतात. हात बसेपर्यंत लूम डुकराच्या आधी करा, त्याची 25 सेकंदं वाया गेली असं मानू नका. पळताना प्राण फार उतरले तर त्याला टाउन सेंटरच्या आत घाला आणि बाकीच्यांना डुक्कर मारू द्या. आणखी एक गोष्ट नेहमी घडते: डुक्कर मेलं, पण मेंढरं मारणारे तिघं अर्धं मेंढरू सोडून उठले. मारलेल्या जनावराचं मांस पडल्या जागी कमी होत जातं. म्हणून एका वेळी एकच जनावर मारा आणि ते संपत आलं की पुढचं.

मांस आणि बोरं संपायच्या आत शेतं लागली पाहिजेत. टाउन सेंटर सलग चालवायला दर मिनिटाला 120 धान्य लागतं, म्हणजे साधारण सहा-सात शेतं फक्त त्याच्या पोटासाठी. एका शेताला 60 लाकूड लागतं. म्हणून फ्यूडलला पोचताना लाकडावर भरपूर माणसं हवीत. इथे बरेच जण धान्याकडे बघत बसतात आणि लाकडाअभावी शेतंच लागत नाहीत.

शिल्लक किती आहे यापेक्षा ती कशाची आहे हे महत्त्वाचं. अल्लाउद्दीन खिलजीने 1296 मध्ये देवगिरीला वेढा घातला, तेव्हा धान्य समजून गडावर चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं, असं तवारिखीत सांगितलेलं आहे. गड अजिंक्य होता, कोठार भरलेलं दिसत होतं, आणि खायला काही नव्हतं. 900 लाकूड आणि 40 धान्य असलेला खेळाडू त्याच जागी उभा असतो. दर मिनिटाला चारही आकड्यांवर नजर टाका. एखादा 300 च्या वर जाऊन बसला असेल तर त्यावरचे तीन-चार जण लगेच दुसरीकडे हलवा, किंवा तो माल खाणारी इमारत बांधा. एका तबेल्यातून धान्य खपत नसेल तर दुसरा तबेला हवा.

लढाईत काय कशाला भारी, हे पाठ झालंच पाहिजे: घोड्याला भालेवाला, तिरंदाजाला स्कर्मिशर (हलका भालाफेक्या), भालेवाल्याला तिरंदाज. नाइटला, म्हणजे जड घोडेस्वाराला, 60 धान्य आणि 75 सोनं लागतं, भालेवाल्याला 35 धान्य आणि 25 लाकूड. म्हणजे समोरच्याने सोनं ओतलं आणि तुम्ही बिनसोन्याने उत्तर दिलं. मात्र नाइट दिसल्यावर भालेवाल्यांची तयारी सुरू केली तर ते वरातीमागून घोडं. तुमचा स्काउट पहिल्या मिनिटापासून समोरच्याच्या वस्तीभोवती फिरत हवा. तिथे तबेला दिसला की भालेवाले, आर्चरी रेंज (तिरंदाजांची इमारत) दिसली की स्कर्मिशर.

सिव्हिलायझेशन 6: आधी पाणी

हा पाळीपाळीने चालतो, घाई नाही. 2016 ला आला. यात शहर कुठे वसवलं यावर अर्धा डाव ठरतो, आणि मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. नदी किंवा तळ्याकाठच्या शहराला सुरुवातीला 5 हाउसिंग (किती लोकांची सोय होते तो आकडा) मिळतं, समुद्रकाठच्याला 3, कोरड्या जागेला 2. लोकसंख्या हाउसिंगपेक्षा फक्त एकने कमी उरली की वाढ निम्म्यावर येते. भिडली की चौथाईवर. कोरड्या जागी वसवलेलं शहर दुसऱ्या माणसालाच धापा टाकतं, मग कितीही शेतं करा.

तोडगा अ‍ॅक्विडक्टचा, म्हणजे शहरात पाणी आणणाऱ्या बांधकामाचा. मलिक अंबरने 17 व्या शतकात डोंगराकडचं पाणी जमिनीखालून खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला आणलं, ती नहर म्हणजे नेमकं हेच बांधकाम. गेममध्ये अ‍ॅक्विडक्ट शहराच्या मध्याला लागून आणि दुसऱ्या अंगाने नदी, तळं, ओअ‍ॅसिस किंवा डोंगराला लागून बांधावा लागतो. कोरड्या शहराला तो 6 हाउसिंगवर नेतो, आधीच गोड पाणी असलेल्याला 2 ची भर घालतो. म्हणून नाइलाजाने कोरड्या जागी वसायचंच असेल, तर डोंगरापासून नकाशावरची एक चौकट सोडून वसा आणि मधली चौकट मोकळी राखा. त्याच डोंगराशेजारी कॅम्पस (विज्ञानाचा विभाग) बसला तर प्रत्येक डोंगरामागे एक विज्ञान जास्त मिळतं. गॅदरिंग स्टॉर्म ही गेमची पुरवणी असेल तर पूर येणाऱ्या नदीवर धरणही बांधता येतं.

सुरुवातीला स्काउट, मग स्लिंगर (गोफणवाला), मग सेटलर (नवं शहर वसवणारा). सेटलर केला की शहराचा एक माणूस कमी होतो, त्याला घाबरू नका. आश्चर्यांच्या इमारतींमागे लागून पहिल्या 50 पाळ्या एकाच शहरात बसणारा खेळाडू मागे पडतो. तोवर तीन शहरं हवीत. रानटी स्काउटच्या डोक्यावर लाल उद्गारचिन्ह दिसलं तर त्याने तुमचं शहर पाहिलं आहे. तो तळावर परतायच्या आत मारा, नाहीतर टोळीच येते. त्यांच्यातला एखादा स्लिंगरने मारलात तर आर्चरीचा युरेका, म्हणजे त्या संशोधनात सूट, मिळतो. सोनं साठलं की बिल्डर (शेतं-खाणी करणारा) विकत घ्या.

रोल-प्लेइंग: बॅग रिकामी करा

बाल्डर्स गेट 3 मध्ये, 2023 चा हा गेम, पात्र बनवताना लोक गुणांचे आकडे सगळीकडे सारखे वाटून टाकतात. तसं करू नका. आकड्यातून 10 वजा करून निम्मे करायचे आणि अपूर्णांक सोडायचा, ही खरी किंमत. म्हणजे 16 आणि 17 दोघांचीही किंमत +3 च. 17 घ्यायचं ते चौथ्या पातळीला आणखी एक वाढवून 18 करण्यासाठी. मुख्य गुण 17, कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा कणखरपणा) 14 किंवा 16, आणि जो गुण तुमच्या पात्राला लागत नाही तो बिनधास्त 8. चुकलं तर छावणीत येणारा विदर्स 100 सोन्यात सगळं नव्याने करून देतो, म्हणून एका चुकीसाठी वीस तासांचा गेम टाकून देऊ नका.

लढाईत फासा वीस बाजूंचा. 11 किंवा जास्त हवे असतील तर शक्यता 50 टक्के. अ‍ॅडव्हान्टेज मिळाला की दोन फाशांतला मोठा धरतात, शक्यता 75 होते. डिसअ‍ॅडव्हान्टेजला छोटा धरतात, शक्यता 25. म्हणून वार करण्याआधी जागा बघा: उंचावरून मारताना +2 मिळतात, खालून मारताना 2 जातात. ब्लेस हा पहिल्या पातळीचा मंत्र तिघांच्या प्रत्येक वाराला चार बाजूंच्या फाशाची भर घालतो, सरासरी अडीच, म्हणजे साडेबारा टक्के. मोठ्या लढाईत पहिल्याच पाळीला हा टाका. फक्त त्याला कॉन्सन्ट्रेशन (एकाग्रता) लागतं. त्याच पात्राने कॉन्सन्ट्रेशनचा दुसरा मंत्र टाकला की पहिला गेला, आणि मार बसला तरी तुटू शकतो. मंत्र टाकणाऱ्याला मागे, कुणाच्या तरी आड उभं करा.

आता बॅगेकडे या. औषध पिणं ही बोनस अ‍ॅक्शन, म्हणजे पाळीतली जोडीची छोटी कृती आहे, तुमचा वार त्यात जात नाही. दोन-तीन जखमी जवळजवळ असतील तर बाटली त्यांच्या पायाशी फेका, सगळ्यांना गुण येतो. फेकायला मात्र पूर्ण अ‍ॅक्शन लागते. शत्रू कड्याच्या काठाला असेल तर धक्का द्या, पण त्याच्याजवळचं सामान त्याच्यासोबत दरीत जातं, म्हणून चांगलं हत्यार दिसलं तर ढकलू नका. लॉन्ग रेस्टला, म्हणजे छावणीतल्या रात्रीच्या झोपेला, साध्या पातळीवर 40 शिधा लागतो. रस्त्यातली प्रत्येक पेटी उघडत गेलात तर तो कमी पडत नाही. तरीही लोक विश्रांती टाळतात आणि मंत्र संपलेले असताना लढून हरतात. शिवाय सोबत्यांचे बरेचसे प्रसंग रात्रीच्या छावणीतच घडतात. झोपलाच नाहीत तर ते हुकतात. काही मोजक्या ठिकाणी मात्र आग लागलेली असते किंवा कुणी अडकलेलं असतं. तिथे आधी काम, मग झोप.

विचर 3 मध्ये तर बाटली जपून ठेवण्यात काहीच अर्थ नाही. औषध एकदा बनवलं की ध्यानाला बसल्यावर एका कडक दारूच्या बाटलीत सगळी औषधं पुन्हा भरतात. राक्षसाची जात बेस्टिअरीत (गेममधल्या राक्षसांच्या माहितीत) वाचा आणि तिचं तेल चांदीच्या तलवारीला लावा. स्किल पॉइंट खर्च केलेली विद्या स्लॉटमध्ये (तिच्यासाठीच्या खणात) बसवल्याशिवाय चालतच नाही, आणि हे वीस-वीस तास लक्षात न आलेले लोक आहेत.

मशीन, डाउनलोड आणि लाईट

बाल्डर्स गेट 3 ला 150 जीबी जागा आणि एसएसडी (वेगवान डिस्क) लागते. मोबाइलच्या रोज 2 जीबीच्या पॅकवर ते उतरवायला 75 दिवस जातील. फायबर असलेल्या मित्राकडून फक्त फाइली आणा: गेम तुमच्या खात्यावर विकत घेतलेला हवा, मग मित्राच्या स्टीममधलं (गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं अ‍ॅप) त्या गेमचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या, आपल्या मशीनवर त्याच जागी टाका आणि स्टीममध्ये इन्स्टॉल दाबा. आधीच्या फाइली तपासून ते फक्त कमी असलेलं उतरवतं. जुना लॅपटॉप असेल तर 1999 चाच हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक 3 घ्या. एकाच मशीनवर पाळीपाळीने, इंटरनेटशिवाय घरातले चौघं खेळू शकतात.

एप्रिल-मे मध्ये परभणी, नांदेडकडच्या उन्हात लॅपटॉप गादीवर ठेवला की तापून मंदावतो. मागच्या कडेखाली दोन वह्या द्या, हवेची भोकं मोकळी ठेवा, आणि पाळीच्या गेमला सेकंदाला 30 फ्रेमची मर्यादा लावा, खेळात फरक पडत नाही.

साठवायची गोष्ट एकच: सेव्ह. तिथे कंजुषी नको. सिव्हिलायझेशनची ऑटोसेव्ह दर पाळीला ठेवा. बाल्डर्स गेट 3 मध्ये झटपट सेव्हसाठी F5 दाबत जा, पण प्रत्येक मोठ्या निर्णयाआधी वेगळ्या नावाने सेव्ह करा, कारण फाइल लिहिली जात असताना लाईट गेली तर तीच फाइल बिघडते. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर दोन नावं आलटून पालटून वापरा. लाईट गेल्याने गेम नीट बंद झालेला नसतो, त्यामुळे क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, जुनाच सेव्ह राहतो. लाईट आल्यावर स्टीम विचारतं की मशीनवरचा ठेवू की क्लाउडवरचा. घाईत काहीही दाबू नका, दोन्हींची तारीख आणि वेळ वाचा आणि नंतरची वेळ असलेला निवडा.